कॉर्नफ्लेक्स खरंच पेशंटसाठी बनवले होते का?

नीलाक्षी_पनवेल:
लेकीला शाळेत प्रोजेक्ट दिलाय, रोजच्या पाकिटातल्या एखाद्या वस्तूचा इतिहास लिहायचा, तिने कॉर्नफ्लेक्स घेतलेत. केलॉग्जचे कॉर्नफ्लेक्स आधी दवाखान्यात पेशंटना द्यायचे असं ऐकलंय, खरंय का? आणि मग ते तिथून बाहेर पडून एवढे खपले कसे? कोणी जरा सविस्तर सांगेल का, गुगलवर सगळीकडे तेच ते कॉपी पेस्ट आहे.

जुनी_पाटी:
हो, खरंय. अमेरिकेत मिशिगनमध्ये बॅटल क्रीक गावात डॉ. जॉन हार्वे केलॉग मोठं आरोग्यधाम चालवायचे, सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, म्हणजे मांस नाही, दारू नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. धाकटा भाऊ विल तिथे हिशेबापासून पडेल ते काम बघायचा. १८९४ मध्ये शिजवलेले गहू तसेच राहून शिळे झाले, तरी रोलरमधून काढले तर सलग पोळी न येता दाण्यादाण्याची वेगळी चकती निघाली. मुलीला इथे नुसतं 'चुकून लागलेला शोध' लिहू देऊ नका, कारण सांगायला लावा. ठेवलेल्या वेळात ओल दाण्यात सगळीकडे सारखी मुरली म्हणून ते झालं, आणि आजही कारखान्यात शिजवलेला मका रोलरखाली घालायच्या आधी मुद्दाम मुरवतात. पेटंट १८९६ चं, मका त्यानंतर आला.

राजू_डोंबिवली:
खपले ते विलमुळे. डॉक्टरांना साखर अजिबात चालायची नाही, विलला चव पाहिजे होती, शेवटी १९०६ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. पुढे केलॉग हे नाव कोणी वापरायचं यावरून दोघा सख्ख्या भावांची कोर्टकचेरी झाली, १९२० मध्ये विल जिंकला. विलने कंपनी काढली तोवर सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा माणूस, जो याच आरोग्यधामात पेशंट म्हणून राहून गेला होता, तो ग्रेप-नट्स नावाचा असाच धान्याचा तयार नाश्ता विकून गब्बर झालेला आणि बाकीचे नक्कल करणारे पण ढीगभर, म्हणून विलने पाकिटावर आपली सही छापली, सही असेल तोच खरा माल.
१९०७ मधली न्यूयॉर्कची जाहिरात तर कमाल आहे, बुधवारी वाण्याला डोळा मारा आणि काय मिळतं ते बघा! मिळायचं सॅम्पलचं पाकीट, फुकट. त्या काळातल्या बायकांना उघड असं सांगायचं म्हणजे केवढं धाडस. १९०९ पासून दोन पाकिटं घेतली की मुलांसाठी चित्रांचं पुस्तक. म्हणजे खाणं आजाऱ्यांचं होतं ते पोरांचं करून टाकलं, माझ्या मते खरी करामत ही.

नीलाक्षी_पनवेल:
वा, हे कुठे वाचलं नव्हतं! भारतात कधी आलं?

मेधा_ठाणे:
१९९४ मध्ये, आणि फॅक्टरी तुमच्या शेजारीच, तळोज्याला. सुरुवातीला मात्र फारसं चाललं नाही. महाग होतंच, शिवाय जाहिरातीतून आपला नेहमीचा नाश्ता पौष्टिक नाही असं सुचवायचे, ते कुठल्या आईला पटणार? आणि मुख्य म्हणजे दूध. आपल्याकडे दूध तापवून, सकाळी गरमच प्यायची सवय, हे फ्लेक्स थंड दुधासाठी बनवलेले, गरम दुधात पडले की लगेच लगदा. मग कंपनीने बासमती तांदळाचे फ्लेक्स काढून बघितले, पण घराघरात शिरले ते चोकोज, मुलांच्याच हट्टाने. लेकीला चमचाभर फ्लेक्स थंड दुधात नि चमचाभर गरम दुधात टाकून दोन्हींचे फोटो चिकटवायला सांगा.