ग्रामसभेच्या रजिस्टरात आईचा खोटा अंगठा, माहिती अर्जाला उत्तर नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीत राहतो, लेआऊटमध्ये. आमच्या गल्लीतली नाली पूर्ण झाली असा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झाला म्हणे, ई-ग्रामस्वराजवर (पंचायतीच्या खर्चाचं सरकारी पोर्टल) पेमेंटही दिसते, पण नाली अर्धीच आहे, पुढं नुसता खड्डा, पाऊस आला की सगळं पाणी अंगणात. तीन दिवसांनी घरटॅक्स भरायला गेलो तर टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडंच होतं आणि त्यात आईचं नाव, समोर निळा अंगठा. माझी आई चौथी शिकलेली आहे, बँकेत सुद्धा सहीच करते, आणि त्या दिवशी ती पायाला प्लास्टर होतं म्हणून पलंगावर होती. मी मोबाईल काढेपर्यंत बाबूने रजिस्टर मिटलं.

कोरमला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते लागतात. तेवढी माणसं जमली नसतील म्हणून नावं भरली असं मला वाटते.

२० ऑगस्टला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज दिला, हजेरी, प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) आणि नालीची एमबी (कामाची मोजमाप वही) मागितली. पोच आहे. ३० दिवस होऊन गेले, साधं पत्र नाही, विचारलं की साहेब दौऱ्यावर आहेत सांगून राहिले. आता २ ऑक्टोबरची ग्रामसभा येऊन राहिली. पैशापेक्षा मला आईचं जास्त लागलं, ती विचारते, "मी कधी अंगठा देल्ला रे?" आधी अपील करू का सभेत बोलू? आणि रजिस्टरचं पानच बदललं तर?

उत्तर:
दोन्ही करा भाऊ. ३० दिवसांत उत्तर नाही म्हणजे कायद्यानं नकारच धरतात, तिथून पुढच्या ३० दिवसांत कलम १९(१) खाली पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, पोच जोडा. मुदत टळली म्हणून प्रती आता फुकट द्याव्या लागतात, कलम ७(६), ते अपिलात लिहा. सोबत मूळ रजिस्टर पाहायला मागणारा वेगळा अर्ज आजच टाका, पाहणीचा हक्क कलम २(ञ) मध्ये आहे. आणि २ तारखेच्या सभेत शेवटपर्यंत थांबता कशाला, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा बहुतेक पहिलाच विषय असतो, तेव्हाच उठून लेखी हरकत द्या, आईच्या सहीनं, आणि दुसऱ्या कॉपीवर तिथंच पोच घ्या. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं असते, त्याचं खंडपीठ नागपूरलाच आहे, पण ते नंतर.