दाब २५, ओसीटी लाल, नंबर -६.५ : ड्रॉप्स सुरू करायचे का?

प्रश्न (तालुका_ऑप्टोम)
पेशंट पुरुष, वय ४६, दोन्ही डोळ्यांना -६.५. हवेच्या झोताच्या मशीनवर दाब उजवा २४, डावा २५. कॉर्नियाची जाडी ५९० मायक्रॉन. ओसीटीत (पडद्याचा थरवार स्कॅन) नर्व्ह फायबर लेयर (नसेच्या तंतूंचा थर) दोन ठिकाणी लाल, म्हणजे मशीनच्या तक्त्यापेक्षा पातळ. २४-२ फील्डवर (नजरेच्या आवाक्याची चाचणी) ‘आउटसाइड नॉर्मल लिमिट्स’, फिक्सेशन लॉस (नजर हलल्याच्या नोंदी) ६/१४. जाड कॉर्नियासाठी दाबातून किती वजा करायचे? आणि काचबिंदू धरून डॉक्टरांकडे पाठवायचे, की नुसते ‘संशयित’ लिहायचे?

उत्तर १ (स्लिटलॅम्प)
काहीही वजा करू नका. गोल्डमनचे (डोळ्याला टेकवून दाब मोजायचे उपकरण) गणित सुमारे ५२० मायक्रॉन जाडी धरून बसवलेले आहे हे खरे, पण प्रत्येक डोळ्याला लागू पडेल असे वजाबाकीचे सूत्र नाही. जाडी वाचायची ती धोक्याचा अंदाज म्हणून. अमेरिकेतल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीत (२००२) ५५५ किंवा कमी जाडीच्या लोकांना ५८८ च्या वरच्यांपेक्षा काचबिंदूचा धोका तिप्पट निघाला. तुमचा पेशंट सुरक्षित बाजूला आहे. त्याच अभ्यासात नुसता दाब वाढलेल्या लोकांपैकी ५ वर्षांत ड्रॉप्सशिवाय ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, ड्रॉप्स घेणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. म्हणजे बिनाऔषधाचेही दहातले नऊ जण ठीकच राहिले. घाई नको.

आधी गोल्डमनवर दाब पुन्हा घ्या, वेगळ्या दिवशी आणि शक्यतो सकाळी. फ्लुरोसिन (डोळ्यात घालायचा चमकता रंग) जास्त झाले की मापाची अर्धवर्तुळे जाड दिसतात आणि आकडा फुगतो. शर्टाची घट्ट कॉलर, रोखलेला श्वास, पापणी उघडताना बुबुळावर दाबलेले बोट, यांनीही फुगतो. सिलिंडर ३ च्या वर असेल तर मायनस सिलिंडरचा ॲक्सिस प्रिझमच्या लाल खुणेशी जुळवा. लेसिक (नंबर घालवायचे लेझर ऑपरेशन) झालेय का तेही विचारा, तिथे उलट दाब खोटा कमी दिसतो.

उत्तर २ (फील्ड_वाचक)
ओसीटीतला लाल रंग म्हणजे आजार नव्हे. जास्त मायनस नंबरात वरचा आणि खालचा फायबरचा गठ्ठा कानाच्या बाजूला सरकतो. मशीनच्या तक्त्यात शिखर जिथे अपेक्षित, तिथे ते नसते, म्हणून लाल. रंग सोडा, आलेख बघा. दोन्ही उंचवटे शाबूत आहेत पण सरकलेत, तर बहुधा मायोपियाच (मायनस नंबरच). उंचवटाच खचलाय आणि डिस्कवर (डोळ्यातले नसेचे तोंड) त्याच जागी कड पातळ झालीय, तर गंभीर. सिरस या ओसीटी मशीनवर सिग्नल ६ च्या खाली असेल तर तो स्कॅन वाचूच नका. डिस्कभोवतीच्या ॲट्रॉफीत (झिजलेल्या भागात) थराची रेघ चुकीच्या जागी गेलीय का, हेही तपासा.

फील्डचे म्हणाल तर फिक्सेशन लॉस ६/१४ एवढ्यावरून रिपोर्ट फेकू नका. तिरक्या डिस्कमध्ये मशीनला ब्लाइंड स्पॉट (डिस्कच्या जागचा न दिसणारा ठिपका) नीट सापडत नाही, मग लॉस उगाच वाढतात. खालची गेझ ट्रॅकिंगची (नजर किती हलली त्याची) रेघ सपाट आहे का बघा. फॉल्स पॉझिटिव्ह (ठिपका नसताना दाबलेले बटण) १५ टक्क्यांच्या वर असेल तर मात्र ती चाचणी बाद. काच कुठली लावली होती? -६.५ ला या वयात सुमारे -४.५ लागते, आणि ती डोळ्यापासून लांब राहिली तर कडेला खोटा काळा पट्टा येतो. पॅटर्न डेव्हिएशनवर (कुठे खास कमी दिसते त्याचा नकाशा) शेजारी-शेजारी ३ बिंदूंची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली, त्यातला एक तरी १ टक्क्याच्या खाली, आणि पुढच्या फील्डवरही तोच घोळका, तेव्हाच डिफेक्ट म्हणा.

तालुका_ऑप्टोम
काच -६.५ चीच लावली होती! पुन्हा करतो. गोनिओस्कोपी (डोळ्यातला पाणी निचरण्याचा कोन भिंगाने बघणे) लागेल का? मायोपियात कोन उघडाच असणार ना?

उत्तर ३ (स्लिटलॅम्प)
लागेलच, आणि ती डॉक्टरांकडून. मायनस नंबरातही बंद कोन सापडतो. शिवाय मायोपिक पुरुषात पिगमेंट डिस्पर्शन (आतला रंग सुटून पसरणे) शोधायचे असते, आणि कोनातल्या जाळीवर साचलेला रंग गोनिओलेन्सशिवाय दिसत नाही. खोलीत अंधार, प्रकाशाची पट्टी जेमतेम १ मिमी आणि बाहुलीवर न पडलेली. नाहीतर बाहुली आकसून अरुंद कोनही उघडा दिसतो. स्टिरॉइड ड्रॉप्स विचारून घ्या; ॲलर्जीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली बाटली पेशंट औषधात मोजतच नाही. चिठ्ठीवर ‘काचबिंदू संशयित’ लिहा आणि सगळे प्रिंट सोबत द्या.

उत्तर ४ (ट्रॅबेक्युलम)
पुढे उपचार ठरलाच, तर ड्रॉप्स हीच पहिली पायरी असे आता राहिलेले नाही. ब्रिटनमधल्या लाइट ट्रायलमध्ये (२०१९, ७१८ पेशंट) आधी एसएलटी (कोनातल्या निचऱ्याच्या जाळीवरचे) लेझर केलेल्यांपैकी ७४.२ टक्के ३ वर्षांनी ड्रॉप्सविना ठरवलेल्या दाबात होते. पूर्ण ३६० अंशांत १०० शॉट, ठिपका ४०० मायक्रॉन, बारीक बुडबुडे दिसेपर्यंत ऊर्जा. तासाभराने दाब तपासायचा, परिणाम मात्र ६ आठवड्यांनी मोजायचा. गोनिओत जाळी गडद काळी निघाली, तर लेझरनंतर दाब उसळतो. तिथे ०.४ मिलिज्यूलच्या आसपास सुरुवात आणि एका वेळी १८० अंशच.

ड्रॉप्स द्यायचे ठरले तर टिमोलॉलआधी दमा आणि हृदयाचे मंद ठोके विचारा. लॅटानोप्रोस्ट रात्री एकच थेंब. दुसरा टाकला तर तो गालावरच जातो.