शब्दचर्चा: 'बीमफॉर्मिंग'ला झोत म्हणायचं की शलाका?

कानामात्रा: सोनोग्राफी तंत्रज्ञांच्या पुस्तिकेत 'बीमफॉर्मिंग'साठी, म्हणजे अनेक स्फटिकांचे ध्वनी वेळ जुळवून एका बिंदूवर एकवटण्यासाठी, 'झोतनिर्मिती' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'शलाकानिर्मिती' केलं. कोणता शब्द ठेवावा?

लंबक: अडचण 'निर्मिती'त आहे. प्रोबमध्ये, म्हणजे अंगावर टेकवायच्या भागात, ध्वनी सोडणारे आणि टिपणारे १२८ स्फटिक ओळीने बसवलेत, दोहोंत ०.३ मिमी अंतर, असं धरा. त्यातला मधला गट वापरात असेल, तर त्याच्या कडेच्या, मध्यापासून ९.७५ मिमीवरच्या स्फटिकाला ३० मिमी खोलवरचा बिंदू सुमारे ३१.५४ मिमी लांब पडतो. ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात, म्हणजे हे जादा अंतर एका मायक्रोसेकंदाचं. तेवढा वेळ आधी कडेचा स्फटिक वाजवायचा, मधला सर्वांत शेवटी. इथवर झोत खुशाल म्हणा. पण प्रतिध्वनी परत येताना प्रोबमधून काहीच बाहेर पडत नाही. मधल्याचा संदेश मायक्रोसेकंदभर थोपवायचा, कडेचा आला की दोन्हींची बेरीज करायची. जसजसा आणखी खोलचा प्रतिध्वनी येतो तसतसा हा विलंब कमी करत न्यायचा. हे निव्वळ ऐकणं आहे, त्यात निर्मिती कसली? मी 'विलंबजुळणी' म्हणेन.

सळई: शलाका म्हणजेच आपली सळई, डोळ्यांत अंजन घालायची काडी. भौतिकशास्त्रात 'किरणशलाका' कधीचा रुळलाय. असा शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा?

टाचण: सळई या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीची असते. ध्वनी फोकसपाशी बारीक होतो आणि पुढे पुन्हा फाकतो. शिवाय तपासणीच्या खोलीत 'फोकस खाली घे' म्हणतात, शलाका कुणाच्या तोंडी नाही. सरळ 'बीमफॉर्मिंग' लिहा.

सळई: मग उद्या 'पित्ताशय'ही सोडून द्यायचं का?

लंबक: 'जुळणी' हवीच, कारण बिघडते तीच. चरबीत वेग १४५० च्या आसपास असतो, यंत्राचा हिशेब मात्र १५४० वरच चालतो. पोटावर चरबीचा जाड थर असला की बेरीज बेताल होते आणि चित्र धूसर दिसतं. 'शलाका बिघडली' म्हटल्याने विद्यार्थ्याला यातलं काहीच कळत नाही.

कानामात्रा: आणि 'साइड लोब', म्हणजे मुख्य दिशेच्या आजूबाजूला फाकणारा ध्वनी? मी 'बाजूची पाकळी' लिहिलंय.

टाचण: उत्तम. कोणत्या दिशेला किती ध्वनी, याचा आलेख खरंच पाकळ्यांसारखा दिसतो. बाजूच्या पाकळीतून आलेला प्रतिध्वनी पित्ताशयाच्या काळ्या पोकळीत गाळासारखा उमटतो. तो दबवायला कडेच्या स्फटिकांचं वजन, म्हणजे बेरजेतला वाटा, उतरतं ठेवतात. त्याची किंमत म्हणजे मधली पाकळी रुंदावते आणि शेजारचे दोन ठिपके एक होतात.

सळई: त्या क्रियेचं नाव 'अपोडायझेशन'. ग्रीकमध्ये 'पोद' म्हणजे पाय, आपला 'पाद' त्याच घराण्यातला. पाय काढून टाकणं हा मूळ अर्थ. मग 'पादलोप' का नको?

टाचण: 'पादलोप' ऐकून छंदशास्त्र आठवतं. 'कडउतार' म्हणा.

लंबक: कडेला वजन शून्यावर उतरतं की थोडं राहतं, हे निवडलेल्या वक्रावर ठरतं. 'लोप' सगळ्यांना लागू नाही, 'उतार' लागू आहे.

सळई: पण 'कड' म्हटलं की प्रोबची कड वाटेल. उतार तर त्या वेळी वापरात असलेल्या स्फटिकांच्या गटाला असतो, आणि तो गट ओळीवरून सरकत जातो.