तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, अशा चालण्यानं फरक पडते का?

पांदणवाला (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार मंडळी. आमचे बाबा साठीच्या वर हायेत, शुगरची गोळी सुरू हाय, बीपी पण वरच राहते. डॉक्टरनं चाला म्हटलं तं रोज सकाळी दोस्तायसंग कॅनॉलच्या रोडनं तासभर जातात पण गप्पा मारत, आरामात, अन् रिपोर्टमधे काही खास फरक नाही. आता मोबाईलवर ते जपानी चालणं पाह्यलं. खरं हाय का ते? बाबा म्हणतात जिंदगीभर वावरात राबलो, मले अजून कोणता व्यायाम पाह्यजे. काय सांगू त्याइले?

मास्तर_वर्धा
खरं आहे भाऊ, अन् जुनं आहे. जपानात मात्सुमोतोला शिन्शू विद्यापीठ आहे, तिथल्या हिरोशी नोसे यांच्या टीमचा अभ्यास २००७ मधे छापून आला. २४६ लोक, सरासरी वय ६३, पाच महिने. काही जण एकाच मध्यम चालीनं चालले, काही जण तीन मिनिटं जोरात तीन मिनिटं हळू, अशा दिवसाला पाच फेऱ्या म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून निदान चार दिवस. या दुसऱ्या लोकांच्या मांड्यांची ताकद १३ ते १७ टक्के वाढली, दम म्हणजे स्टॅमिना ८-९ टक्के वाढला अन् वरचं बीपी पण एका चालीवाल्यांपेक्षा जास्त उतरलं. मुद्दा जोराच्या मिनिटांचा आहे, हृदयाले अन् पायाले रोजच्यापेक्षा जास्त काम पडलं तरच ते सुधरते, अन् मधातल्या हळू चालण्यानं दम परत येते म्हणून म्हाताऱ्या माणसालेही जमते.

सिस्टर_ताई
शुगरवाल्यांवर डेन्मार्कमधे पण असा अभ्यास झाला, २०१३ चा, चार महिन्यांचा, त्यात एका चालीनं चालणाऱ्यांपेक्षा आलटून पालटून चालणाऱ्यांची शुगर जास्त आटोक्यात आली. पण दादा, काकांची गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, काही गोळ्यांनी अन् इन्सुलिननं चालताना शुगर एकदम खाली जाते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो. खिशात साखर नाहीतर गूळ ठेवायलाच सांगा. छातीत दाटलं, चक्कर आली की तिथंच थांबायचं. अन् चपलेवर नको, बूट घालून, शुगरवाल्याच्या पायाची जखम लवकर भरत नाही हो.

कपाशीवाली
वावरातल्या कामाचं म्हणाल तं निंदण दिवसभर चालते, कंबर दुखते, पण एका लयीत दम लागेल असं कुठं होते? थकणं वेगळं अन् दम वाढणं वेगळं, काकाले हे समजावून सांगजा. घड्याळ पाहाचं कामच नाही, आमच्या रोडवर मी लाईटच्या खांबानं मोजते, पाच-सहा खांब जोरात, मग तेवढेच हळू. जोरात म्हणजे बोलता येते पण लंबी गोष्ट सांगता येत नाही एवढं. उन्हाळ्यात सूर्य निघाच्या आत आटपा, मे महिन्यात आठ वाजताच चटके बसतात. पावसाळ्यात पांदणीनं नका जाऊ, चिखल अन् साप, त्यापेक्षा शाळेचं ग्राउंड बरं.

पांदणवाला
लय उपयोगी माहिती देली सगळ्याइनं. गुडघे थोडे दुखतात बाबाचे, चालेल का?

सिस्टर_ताई
सूज नसेल तर चालेल, पण पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्याच, जोर पण थोडाच. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर परत कमी करा. अन् दोस्तांनाही सोबत घ्या म्हणा, हळूच्या तीन मिनिटांत गप्पा होतातच.