फॅमिली ग्रुप: मंदारच्या घरचा शिशाचा पाइप

मंदार (न्यू जर्सी): वॉटर कंपनीचं पत्र आलंय, रस्त्यापासून घरात येणारी लाइन शिशाची आहे म्हणे. बेसमेंटमधे मीटरच्या अलीकडे नाण्याने खरवडून बघितलं, खाली चंदेरी चकचकीत निघालं, लोहचुंबकही चिकटत नाही. शिसंच. बदलून देणारेत, माझा खर्च शून्य 🙏

सुमाआत्या: अरे देवा!! पिल्लूला पाणी उकळून देताय ना?

मंदार: आत्या उकळून शिसं जात नाही गं, पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं. शिशासाठी सर्टिफाइड फिल्टर लावलाय

अण्णाकाका: घर तुझं पाइप तुझा, मग पैसे लोकांनी का भरायचे? आमच्या सोसायटीत गंजलेले जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) टाकले तेव्हा प्रत्येकाच्या खिशातूनच गेले, वर्गणीवरून भांडणं झाली ती वेगळी

मंदार: काका आमच्याच राज्यातल्या नेवार्क शहरात आधी तसंच होतं, घरमालकाने हजार डॉलरपर्यंत भरायचे. पण तिथे बहुतेक लोक भाड्याने, मालक दुसरीकडे कुठेतरी, त्याला काय पडलंय? मग २०१९ ला तिथल्या एसेक्स काउंटीने (जिल्ह्याने) १२० मिलियनचे बाँड काढले, सगळ्यांना फुकट, वर मालकाची परवानगी नसली तरी काम करायचा नियम केला आणि तीन वर्षांच्या आत साधारण २३ हजार लाइनी बदलल्या पण

प्राजक्ता: आणि मालक नाही म्हणाला म्हणून रस्त्याकडचा अर्धाच बदलला तर?

मंदार: ते सगळ्यात वाईट. कापाकापीत हादरे बसून कण सुटतात, पाण्यात शिसं उलट वाढतं. म्हणून तर मालकावर सोडून चालत नाही

अण्णाकाका: बाँड म्हणजे कर्ज. फेडणार कोण

मंदार: नेवार्कला एअरपोर्टचं भाडं मिळतं म्हणून जमलं. बाकीच्यांचं अवघडे. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात शिशाच्या लाइनींसाठी १५ बिलियन ठेवले, पण त्यातले निम्म्याच्या आसपासच माफ, म्हणजे फेडायचे नाहीत, उरलेलं कमी व्याजाचं कर्ज, म्हणजे शेवटी पाण्याच्या बिलातूनच. आणि ईपीएचा (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) २०२३ चा अंदाज देशभर ९० लाखांवर लाइनींचा होता! एकट्या शिकागोत ४ लाखांच्या आसपास. १५ बिलियनला त्या ९० लाखांनी भागा, एका लाइनीला सोळासतराशे डॉलर, खोदाई धरून खर्च त्याच्या कितीतरी पट. आमच्या राज्यात कायदाच आहे २०३१ पर्यंत सगळ्या बदलायच्या, म्हणून माझा नंबर लागला

श्रीकांतदादा: विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनवाल्यांनी भारी केलं होतं. पाण्याच्या बिलाचे पैसे खाजगी जागेत वापरता येईनात तर पाण्याच्या टाक्यांवर मोबाइलचे अँटेना लावू दिले आणि त्या भाड्यातून मालकाला अर्धा खर्च परत, जास्तीत जास्त हजार डॉलर. आपल्या गच्चीवरच्या टॉवरच्या भाड्यातून लिफ्ट दुरुस्त करतो तसंच की 😄

अण्णाकाका: हे पटलं. पण अंगण खोदल्यावर बुजवून कोण देणार ते लेखी घे

मंदार: विचारतो उद्याच

सुमाआत्या: आणि नवीन पाइप बसला म्हणून लगेच फिल्टर काढू नकोस

मंदार: नाही गं, नंतर सहा महिने तरी वापरा असंच सांगतात