मदत हवी आहे : हॉकी खेळाडूशी जुळलेलं नातं सीझनमध्ये कसं टिकवायचं?

मंडळी, उन्हाळी कोर्ससाठी फिनलंडमध्ये, टाम्पेरेला आले आहे. इथे एका आइस हॉकी खेळाडूशी ओळख झाली आणि आम्ही प्रेमात पडलो. दोघंही गंभीर आहोत. ऑगस्टअखेर मी भारतात परतणार.

खरी काळजी पुढची आहे. सध्या त्याचा फक्त व्यायाम आणि सराव चालू आहे, म्हणून संध्याकाळी तळ्याकाठी तासन्‌तास बसता येतं. सप्टेंबरपासून लीगा, म्हणजे फिनलंडची सर्वोच्च आइस हॉकी स्पर्धा, सुरू होईल. साखळीत प्रत्येक संघाचे साधारण ६० सामने, मार्चपर्यंत, त्यानंतर प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. दूरचा सामना असला की रात्री उशिरापर्यंत बसप्रवास. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की वेळेतला फरक साडेतीन तासांचा होतो, म्हणजे त्याचा सामना संपेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली! शिवाय करार संपला की तो दुसऱ्या देशातल्या संघातही जाऊ शकतो. त्याला खेळ सोड असं मी कधीच म्हणणार नाही, त्यावर त्याचा जीव आहे.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि मला तर एकच मोठी भेट परवडेल. ती नोव्हेंबरच्या सुट्टीत ठेवावी, की सीझन संपल्यावर मे महिन्यात? व्यावसायिक खेळाडूशी दूरवरचं नातं कुणी निभावलंय का? हरलेल्या रात्री फोन करावा की त्याला एकटं सोडावं? आणि मास्टर्ससाठी इथेच अर्ज करायचं मनात आहे, तो निर्णय आत्ताच घेणं घाईचं ठरेल का? अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगा.