मदत हवी आहे: बाटली आडवी झाली, आता पुढे काय?

सीआरपी_ताई

नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या एका गावात उमेद या सरकारी ग्रामीण अभियानाची सीआरपी, म्हणजे बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती आहे. बचत गटांच्या वह्या, बँकेची कामं, बैठका. गावाचं नाव लिहीत नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या बायकांनी देशीचं दुकान मतदानानं बंद केलं. २००८ च्या नियमाप्रमाणे आधी २५ टक्के बायकांच्या सह्या दिल्या, मग गुप्त मतदान झालं. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागत होती. आलेल्यांपैकी नव्हे, एकूणांपैकी. म्हणजे जी घरी बसली, जी मुंबईला राहते, जिचं नाव मेल्यावरही यादीतून निघालं नाही, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूच्या. सुना-लेकी आणायला आम्ही वर्गणी काढून जीप केली होती. जिंकलो, हलगी लावून मिरवणूक काढली, पेपरात फोटो आला. त्या फोटोत मी डावीकडून तिसरी आहे.

आता सांगते कशासाठी लिहितेय.

दुकान गेलं, दारू घरपोच आली. फोन केला की मोटरसायकलवर क्वार्टर दारात. ज्याला ती परवडत नाही त्याच्यासाठी ओढ्याकडे हातभट्टीचे फुगे. आधी माणूस दुकानापर्यंत चालत तरी जायचा आणि चारचौघांत दिसायचा. आता सकाळी सातलाच खाटेवर चालू.

दुसरं, जुन्या पाण्याच्या टाकीमागे तेरा-चौदा वर्षांची पोरं बसतात. आम्हाला वाटलं गुटखा. (तो २०१२ पासून बंद आहे म्हणतात, आमच्याकडे तो फक्त महाग झाला.) पण झाडायला गेलेल्या मावशींना पंक्चरच्या सोल्युशनच्या रिकाम्या ट्यूबा आणि फडकी सापडली.

तिसरं सांगायला जड जातंय. दिवाळीनंतर आम्ही पाच-सहा जणींनी एका पिणाऱ्याला, त्याच्या बायकोच्या संमतीनं, घरातल्या मागच्या खोलीत कोंडला. आठ दिवस मिळाली नाही की सुटेल, असा आमचा हिशेब. दुसऱ्या दिवशी त्याला फीट आली. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागला, आणि भिंतीवर एकही मुंगी नव्हती. पहाटे दवाखान्यात नेला. वाचला. पण त्याची बायको आता माझ्याशी बोलत नाही, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त पितो.

रॅली, शपथ, पथनाट्य सगळं करून झालंय. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. तिथे नेमकं काय मागू?

बोरीचा_बाळू

ताई, सोपं आहे. ग्रामसभेत ठराव करा, पिऊन दिसला की पाच हजार दंड आणि विकणाऱ्याला अकरा हजार. आमच्या शेजारच्या गावात केलं होतं.

निळी_शाई

@बाळू, केलं होतं, मग पुढे? आमच्याही गावात केलं होतं. दंड भरला कोणी? बायकोनं, शेळी विकून. शिवाय असा दंड वसूल करायचा अधिकार ग्रामसभेला कुठल्या कायद्यानं मिळतो तेही विचारून बघा.

पांढरा_कोट_नाही

मी डॉक्टर नाही, व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, चौदा वर्षं. आधी तिसऱ्या मुद्द्यावर बोलतो, कारण तिथे माणूस मरू शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतात. मुंग्या, साप, पोलीस दिसतात, अंग तापतं, हात थरथरतात, माणूस ओळख विसरतो. तुम्ही पाहिलंत ते हेच. तो हट्ट नव्हता की नाटक नव्हतं. दारूला सरावलेला मेंदू एकाएकी मोकाट सुटतो. दवाखान्यात औषध देऊन ही उतरण हळूहळू करतात, बी-१ जीवनसत्त्वही देतात. म्हणून हात कापणारा, सकाळी उठल्याउठल्या लागणारा, पूर्वी फीट आलेला माणूस घरी कोंडायचा नाही. आधी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवा.

दुसरी गोष्ट, भाजीत गुपचूप घालायची पावडर कोणी देत असेल तर घेऊ नका. दारू प्यायल्यावर उलट्या आणि घाबरं करणारं एक औषध खरंच आहे, पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. न सांगता दिलं आणि तो वर प्यायला तर रक्तदाब कोसळतो.

तुमच्या त्या बाईकडे एकदा जा. माफी मागायला म्हणून नको, त्याची तब्येत विचारायला. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या. नवरा यायला तयार नसला तरी तिनं एकटीनं बोललं तरी चालतं. पुष्कळदा सुरुवात तिथूनच होते.

जंगलातली_वाट

मी गडचिरोलीची. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, लोकांनी आंदोलन करून घेतलेली. आणि तरी २०१६ मध्ये मुक्तिपथ सुरू करावं लागलं, शासन, डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट मिळून. यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. बंदी होती, पण गावात मोहाची निघत होती.

शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. तेव्हा कागदावर फार जीव लावू नका.

आमच्या गावात फरक पडला तो बायांच्या गाव संघटनेनं. दर आठवड्याला बैठक, विषय असो नसो. विकणाऱ्याच्या घरी सगळ्या मिळून जायचं, शिवी द्यायची नाही, हात लावायचा नाही, तारीख द्यायची. तारखेनंतर पोलिसांना घेऊन सडवा, म्हणजे दारू गाळायला आंबवलेला माल, ओतायचा. एकटीदुकटीनं कधीच जायचं नाही. आणि त्याच महिन्यात पिणाऱ्यांसाठी उपचाराचं शिबिर, कारण दारू तोडली आणि उपचार नाही दिला तर तुमच्या मागच्या खोलीत झालं तेच होतं.

निवृत्त_हवालदार

ताई, तक्रार कशी करता ते महत्त्वाचं. "गावात दारू विकली जाते, बंदोबस्त व्हावा" असा अर्ज मी नोकरीत शेकड्यानं पाहिला. तो फायलीत जातो. कोण, कुठे, किती ते किती वाजता, माल कुठल्या गाडीवर, कुठे लपवतो, एवढं लिहा. एक प्रत पोलीस ठाण्याला, एक राज्य उत्पादन शुल्कला, दोन्हीवर पोच घ्या. पोच घेतलेल्या अर्जाला आमची माणसं जरा भितात. खात्यात सगळे धुतल्या तांदळाचे होते असं मी म्हणत नाही.

छापा पडला की लोक पंच व्हायला तयार नसतात, झाले तर कोर्टात फितूर होतात. तुमच्यातल्या दोघी आधीच मनाची तयारी करून ठेवा. एका केसनं काही होत नाही, चार दिवसात सुटून येतो. पण दोन-तीन केसेस झाल्या की दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायला लावा, आणि अगदीच मुरलेला हातभट्टीवाला असेल तर १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धतेचा, म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवण्याचा प्रस्ताव जातो. अवैध दारूवर लक्ष ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या ग्रामरक्षक दलाची तरतूदही कायद्यात आली आहे, २०१६ च्या दुरुस्तीनं. ग्रामसभेत तोच विषय घ्या. त्यात तंट्यात दोन्हीकडून खाणारे घेऊ नका म्हणजे झालं.

एक विचारू? एवढं सगळं माहीत आहे, मग विकणाऱ्याचं नाव तुम्ही कुठेच का घेत नाही?

खडूची_पूड

माध्यमिक शिक्षिका आहे, मराठवाड्यात. सोल्युशनबद्दल लिहिते.

हुंगणाऱ्या मुलाला धावत जाऊन पकडायचं नाही, मागून ओरडायचं नाही. त्या वेळी दचकणं किंवा पळणं झालं तर हृदयाची लय बिघडून मूल जागीच जाऊ शकतं, अगदी पहिल्या खेपेलाही. शांतपणे जवळ बसायचं, फडकं बाजूला घ्यायचं, मोकळ्या हवेत आणायचं. तुमच्या मावशींना हे आजच सांगा, कारण झाडू घेऊन त्या धावणार हे मला माहीत आहे.

आमच्याकडे पोरं शाळा सुटल्यावर आई-बाप कारखान्यावरून येईपर्यंत रिकामी असत. काही तर ऊसतोडीच्या हंगामात सहा महिने आजीजवळ, आणि आजीला दिसत नाही. पंक्चरवाल्याशी भांडलो नाही. त्याला विचारलं, "तुझ्या पुतण्याला देशील का?" त्यानं ट्यूब काउंटरवरून आत ठेवल्या आणि गाडी समोर असेल तरच वापरायच्या असं ठरवलं. टाकीमागे दिवा लावून घेतला, व्हॉलीबॉलचं नेट बांधलं. चार पोरं सुटली, दोन नाही सुटली. त्या दोघांना समुपदेशन लागलं, त्यातला एक अजून अधूनमधून जातो.

गुटख्यासाठी शाळेच्या १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही, हे २००३ च्या कायद्यात आहे. ते अंतर पट्टीनं मोजून चुन्याची रेघ मारा. रेघ दिसली की दुकानदाराला वाद घालता येत नाही. आणि मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सजा आहे. टपरीवाल्याला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

सीआरपी_ताई

सगळ्यांचे आभार. झाडूबद्दल खडूची_पूड ताईंनी बरोबर ओळखलं. मावशींना काल सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग नुसती बसू का त्यांच्याशेजारी?" म्हटलं हो, बसा.

त्या बाईकडे जाऊन आले. दार उघडलं नाही, पण खिडकीतून नंबर लिहून घेतला.

हवालदार काका, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मोटरसायकलवरून माल पुरवणारा माझा चुलत दीर आहे. त्याची बायको माझ्याच गटात आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं किराणा दुकानासाठी गटातून कर्ज घेतलं, मंजुरीच्या कागदावर सही माझी. त्या पैशात किराणा किती आणि खोकी किती आली ते मी हिशेबात कधी बघितलं नाही. हप्ता मात्र एकदाही चुकला नाही तिचा. अख्ख्या गावात सगळ्यात वेळेवर फेड तिची आहे, आणि ती का, ते आता मला कळतंय. पुढच्या बुधवारच्या बैठकीत तिचा दुसऱ्या कर्जाचा अर्ज आहे, या वेळी पिठाच्या गिरणीसाठी.

निळी_शाई

नाकारू नका. नाकारलंत तर घर फक्त बाटलीवर चालेल. गिरणीचं कोटेशन घ्या आणि पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात सोडा, तिच्या हातात नको.

निवृत्त_हवालदार

आणि अर्जात नाव लिहा. दिराचं असलं तरी. नाहीतर उद्या दुसऱ्या कोणाचं नाव लिहायला तुम्हाला तोंड राहणार नाही.

जंगलातली_वाट

आधी तारीख द्या त्याला. सगळ्याजणी मिळून त्याच्या घरी जा, तुम्ही मागे उभ्या रहा. घरातली बाई पुढे बोलली की ते भावकीचं भांडण होतं.

सीआरपी_ताई

कोटेशनचं पटलं. गिरणीवाल्याचा नंबर बँकेच्या मॅनेजर साहेबांकडून मागवलाय. तारीख द्यायला रविवारी जायचं ठरलंय, अकरा जणी तयार आहेत. घरात अजून सांगितलेलं नाही. रविवारी रात्री जमलं तर इथे लिहीन.